आधी कोर्स चालून बघा

मागच्या अंकात सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळ्यात होणाऱ्या हौशी माउंटन बाइक शर्यतींविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी येऊन थांबली आहेत: कोर्समधला, म्हणजे शर्यतीच्या वाटेवरचा, अवघड तुकडा. कुणाला दगडांची भीती, कुणाला पायरीची, कुणाला मागून येणाऱ्यांची. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला राहतो. वय ३८. बरीच वर्षं रोड बाइक चालवतोय, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) केल्यात, त्यामुळे दमाची काळजी नाही. मित्राच्या आग्रहाने जानेवारीतल्या एका क्रॉस-कंट्री शर्यतीत नाव दिलं. पाच किलोमीटरची फेरी, अशा चार. सरावाला गेलो तर एका खडकाळ उतारावर ब्रेक दाबून उभाच राहिलो. शाळकरी पोरं बाजूने भराभर उतरून गेली. नाव मागे घेऊ का?

उत्तर: मुळीच घेऊ नका. तुमच्याकडे जे आहे ते कमवायला लोकांना वर्षं लागतात. नाशिककरांच्या दमाबद्दल तर मी वेगळं काय सांगणार, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या तुमच्याच गावच्या भावांनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सायकलने ओलांडायची शर्यत, पूर्ण केली आहे. पण ब्रेव्हेमध्ये डोकं चालवायला भरपूर वेळ मिळतो. खडकाळ उतारावर तो मिळत नाही, त्यामुळे विचार आधी करून ठेवावा लागतो, आणि तो पायी चालतच होतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी कोर्स सरावाला खुला ठेवतात. त्या दिवशी लोक फेऱ्यांवर फेऱ्या मारतात आणि पाय दमवून घरी जातात. तुम्ही एकच फेरी मारा, तीही सावकाश. मग त्या उताराशी परत या, सायकल झाडाला टेकवा आणि उतार खालून वर चढत जा. वरून बघितलं की सगळे दगड सारखेच अंगावर येतात. खालून बघितलं की कुठल्या दगडाची उतरती बाजू गुळगुळीत आहे, कुठल्या दोन दगडांमध्ये चाक अडकेल एवढी फट आहे, हे नीट दिसतं. आधी बाहेर पडायची जागा ठरवा. तिथे पोचायचं तर त्याआधी चाक कुठे असायला हवं ते बघा. मग त्याच्याही आधी कुठे. असं करत माथ्यापर्यंत या. वर पोचाल तेव्हा तुमची लाइन ठरलेली असेल. तिच्यावर दोन-तीन खुणा धरून ठेवा, करवंदाची एखादी जाळी, पांढरा डाग असलेला धोंडा, काहीही. शर्यतीत घाम डोळ्यांत जात असतो, तेव्हा या खुणाच कामाला येतात.

आता पडायला का होतं ते सांगते. भोरच्या बाजूला मी जिथे मुलांना शिकवते तिथे असाच एक उतार आहे. मधोमध एक काळा दगड, त्याला वर दोन उंचवटे आणि मध्ये खळगा. मुलं त्याला दाढ म्हणतात. दाढेवर पडणारा जवळजवळ प्रत्येक जण एकाच तऱ्हेने पडतो. दगड जवळ आला की तो दोन्ही ब्रेक दाबतो. वेग चालण्याइतका खाली येतो. पुढचं चाक खळग्यात उतरतं, पलीकडच्या उंचवट्याला लागतं, आणि ब्रेक दाबलेलाच असल्यामुळे फिरून वर चढू शकत नाही. चाक तिथेच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तोच मुलगा जेव्हा दगडाच्या दोन मीटर आधी, मातीवर असतानाच वेग कमी करतो आणि दगडावर बोटं सैल सोडतो, तेव्हा २९ इंची चाक तो खळगा सहज ओलांडतं. मनगटाला एक हिसका बसतो, बास. म्हणजे भीतीपोटी आपण जे करतो त्यानेच पडतो. ब्रेक मारायचा तो मातीवर किंवा सपाट कातळावर. दगडांच्या गर्दीत चाक फिरत राहिलं पाहिजे.

अंगाची ठेवण अशी ठेवा: सीट खाली, ड्रॉपर पोस्ट (बटणाने सीट खाली-वर करणारा दांडा) नसेल तर उताराआधी थांबून हाताने खाली करून सराव करा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर आणि वाकलेली, कंबर सीटपासून सुटी. खूप मागे सरकू नका. रोडवाले भीतीने पार मागच्या टायरवर जाऊन बसतात, मग पुढच्या चाकावर भार राहत नाही आणि ते जिकडे मनाला येईल तिकडे जातं. ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडलवर. आणि नजर पुढच्या खुणेवर. ज्या दगडाकडे टक लावून बघाल त्याच दगडावर जाऊन आदळाल, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

सराव तुकड्यातुकड्याने करा. सगळ्यात खालचा तुकडा आधी, तो बसला की त्याच्या वरचा जोडा. वरून सुरुवात केली तर दर वेळी पहिल्याच दगडावर अडकाल आणि शेवटचे दगड तुम्हाला कधी भेटणारच नाहीत.

मग निर्णय घ्या, तोही शांत डोक्याने, आदल्या संध्याकाळी. सरावात हा उतार दहापैकी नऊ वेळा बसत असेल तर शर्यतीत चालवा. सहा-सात वेळा बसत असेल तर बाजूची सोपी वाट घ्या. चांगल्या कोर्सवर अशी वळसा घालून जाणारी बी-लाइन बहुतेक वेळा असते, थोडी लांब, पण सुरक्षित. तीही नसेल तर उतरा आणि सायकल हाताने घेऊन पळा. सरावात ताज्या हातांनी जे जमतं ते चौथ्या फेरीत जमेलच असं नाही. तोवर मनगटं भरून आलेली असतात आणि ब्रेक ओढायला बोटात जोर उरत नाही. उतरून पळणाऱ्याला काही लोक हसतात. हसू देत. उतरण्याची जागा आधीच ठरवलेला माणूस दहा-पंधरा सेकंद गमावतो. दगडांच्या मध्ये अडकून उतरणारा दोन मिनिटं गमावतो आणि मागच्यांचीही वाट अडवतो. उतरणं हेही कौशल्य आहे, त्याचाही सराव करा: उताराच्या पाच मीटर आधी डाव्या बाजूला पाय खाली, सायकल तुमच्या उजवीकडे, म्हणजे चेन तुमच्या पिंढरीपासून लांब राहते. डावा हात हँडलवर, उजव्या हाताने सीट धरा आणि छोटी पावलं टाका.

आणखी एक. सकाळी कोर्स पुन्हा बघा. टोकियो ऑलिंपिकची माउंटन बाइक शर्यत २६ जुलै २०२१ रोजी इझूला झाली. तिथे एका मोठ्या दगडावरून खाली उतरायचं होतं. सरावाच्या वेळी तिथे लाकडी उतरंड लावलेली होती, शर्यतीला ती काढून टाकली होती. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल, जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंपैकी एक, उतरंड असेलच असं धरून पहिल्याच फेरीत तिथे आला आणि पुढच्या चाकावर सरळ खाली गेला. नंतर त्याला शर्यत सोडावी लागली. सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला मिळालं. आपल्याकडे उतरंड काढत नाहीत, पण रात्रीतून दव पडतं. जानेवारीत सावलीच्या बाजूचा कातळ साडेआठपर्यंत ओला असतो. काल दुपारी धरून ठेवणारा दगड सकाळी सातच्या बॅचला धरत नाही. तेव्हा वॉर्म-अपच्या वेळी त्या उतारापर्यंत जा आणि बुटाचा तळवा दगडावर घासून बघा.

प्रश्न: नमस्कार. मी सोलापूरला असतो. माझ्याकडे पंचेचाळीस हजारांची हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, फक्त पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क. अवघड कोर्सला फुल सस्पेन्शन लागतेच, दीड-दोन लाख खर्च करच, असं ग्रुपमधले सगळे सांगतात. कर्ज काढून घ्यावी का?

उत्तर: कर्ज काढू नका. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतली मंडळी तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर खाली येणाऱ्या मातीच्या वाटेवर शर्यती लावायची, त्याही जुन्या, जड सायकलींवर. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचं आणि दर उतारानंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यातूनच हा खेळ उभा राहिला. तुमची हार्डटेल त्या सायकलींपेक्षा कितीतरी पुढची आहे. त्यात खरी कमतरता असेल ती टायरमध्ये आणि त्यातल्या हवेत.

बहुतेक सायकली दुकानातून येतात त्या टायरमध्ये चाळीस पीएसआय हवा भरूनच. डांबरावर ती बरी वाटते. मुरमावर तीच हवा टायरला गोटीसारखी उडवते. मुरूम म्हणजे कडक जमिनीवर पसरलेले सुटे खडे. तिथे टायरने पसरून जमीन पकडली तरच पकड मिळते. रिम चालत असेल तर ट्यूबलेस करून घ्या आणि पुढे २.३५ इंची, कडेला ठळक नॉब असलेला टायर टाका. तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. ओळखीच्या एखाद्या खडकाळ तुकड्यावरून त्याच वेगाने जा, मग एक-एक पीएसआय कमी करत पुन्हा जा. रिम दगडाला लागल्याचा खणकन आवाज आला की दीड-दोन पीएसआय वाढवा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून बघणं सोडा. अंगठ्याला वीस आणि अठ्ठावीस सारखेच लागतात. साधा डिजिटल गेज घ्या आणि हवा कोर्सवर पोचल्यावर बघा. सोलापूरच्या उन्हात गाडीवर लादून आणलेल्या टायरमधली हवा घरी मोजली तेवढी राहत नाही. ट्यूबच ठेवणार असाल तर एवढं खाली येऊ नका, तीसच्या आसपास राहा, नाहीतर रिमच्या कडांखाली ट्यूब चिमटून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतील.

तुमच्या भागात वेड्या बाभळीचा काटा हा खरा शत्रू. सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) नसलेला टायर तिथे तासभर टिकत नाही. पण सीलंट उन्हाने सुकतं. हिवाळ्यात भरलेलं मे महिन्यात आत रबराची पापडी होऊन बसलेलं असतं. शर्यतीच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हमधून ताजं भरा. काटा दिसला तरी शर्यतीत लगेच उपटू नका. बऱ्याचदा भोक त्यानेच बुजवलेलं असतं.

आता तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते बघा. फोर्कच्या वरच्या, आत-बाहेर होणाऱ्या नळीला एक बारीक केबल टाय बांधा, खालच्या रबरी सीलला चिकटवून. उभ्याच्या ठेवणीत पेडलवर वजन द्या, हलकेच उतरा आणि टाय सीलपासून किती वर सरकला ते मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला वीस ते पंचवीस मिलिमीटर बरोबर. एअर फोर्क असेल तर पंपाने हवा कमी-जास्त करा. स्प्रिंगचा असेल तर एवढी सोय नसते, तरी डोक्यावरची चकती फिरवून थोडा फरक पडतो, आणि तो लॉक होऊन राहिलेला नाही ना, हे आधी बघा. लॉक केलेल्या फोर्कवर उतार उतरणारे मी दर शर्यतीत बघते.

उरलेल्या पैशांतून ब्रेक पॅड बदला, एक जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती) घ्या आणि तो मल्टिटूलसोबत सॅडलबॅगमध्ये ठेवा. दगडाला डिरेलर लागला की वाकतो तो हँगर, आणि प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो. मैदानावर दुसऱ्याचा मागून तो बसत नाही. पंक्चर झालं तर शर्यत संपली असंही समजू नका. २९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच पिडकॉकचं पुढचं चाक बसलं, चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, आणि शेवटच्या फेरीत त्याने फ्रान्सच्या कोरेत्झकीला गाठून सुवर्ण जिंकलं. त्याला चाक द्यायला त्याची माणसं उभी होती. तुम्हाला भोक बुजवायचे प्लग आणि हवा भरायची कार्ट्रिज स्वतः न्यायची आहेत, आणि घरी अंगणात एकदा टायरला मुद्दाम भोक पाडून ती वापरून बघायची आहेत.

प्रश्न: शर्यतीच्या सकाळी काय खावं? – पिंपरी

उत्तर: रोज पचतं तेच. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा उपमा, निघताना केळं. नवीन एनर्जी जेल त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. खडकाळ कोर्सवर पाण्यासाठी हात सोडायला जागाच मिळत नाही, तेव्हा फेरीतल्या कुठल्या चढावर किंवा सपाट पट्ट्यावर प्यायचं ते आदल्या दिवशीच ठरवा. आणि बाटलीचा पिंजरा घट्ट आहे ना ते बघा. पहिल्याच दगडांत बाटली उडून गेलेली असते.

प्रश्न: ताई, मी ठाण्याची. वय ४४. मागच्या वर्षी पहिली शर्यत केली. सिंगल ट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा वाटेवर, मागून पुरुष ओरडत यायचे, मी गडबडून कडेला जायचे आणि दोनदा घाणेरीच्या झुडपात गेले. तिसऱ्या फेरीत मार्शलने हात दाखवून थांबवलं, ‘मॅडम, तुम्ही आउट.’ माझं काय चुकलं होतं? पुन्हा जावं का?

उत्तर: काही चुकलं नाही, आणि जरूर जा. आधी थांबवण्याबद्दल. आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्रीत ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. पहिल्या क्रमांकावरच्या स्पर्धकाची पहिली फेरी पंधरा मिनिटांत झाली असेल तर त्याचे ऐंशी टक्के म्हणजे बारा मिनिटं. जो त्याच्यापेक्षा बारा मिनिटं मागे पडतो त्याला ठरलेल्या जागी थांबवतात, म्हणजे अरुंद वाटेवर पुढचे आणि मागचे एकमेकांत गुंतत नाहीत. थांबवलेल्याचा क्रमांक निकालात लागतो, किती फेऱ्या कमी झाल्या तेवढं पुढे लिहितात. हौशी शर्यतींत काही ठिकाणी हा नियम लावतात, काही ठिकाणी सगळ्यांना पूर्ण करू देतात. मला स्वतःला वाटतं, हौशी शर्यतीत शेवटच्या माणसाला पूर्ण करू द्यावं आणि त्यासाठी गटांच्या सुरुवातीत अंतर ठेवावं. पैसे भरून, पहाटे तीनला उठून आलेल्या बाईला दोन फेऱ्यांत घरी पाठवणं मला पटत नाही. पुढच्या वेळी नाव देण्याआधी आयोजकांना फोन करून विचारा, आणि गट वेगळे सोडतात का तेही विचारा.

आता ओरडण्याबद्दल. एक फेरी पुढे असलेल्याला वाट द्यायची, ही रीत आहे. पण कुठे द्यायची हे वाट देणारा ठरवतो, म्हणजे तुम्ही. मागून आवाज आला की न वळता मोठ्याने सांगा, ‘पुढच्या वळणावर, डावीकडून जा.’ मग आपल्या लाइनवरच चालवत राहा आणि वाट जिथे रुंद होते तिथे जरा बाजूला घ्या. अचानक कडेला जाणं सगळ्यात धोक्याचं. मागच्यालाही कळत नाही तुम्ही कुठे जाणार ते. दगडांच्या मध्ये कुणीही ओरडलं तरी थांबू नका. त्याला दहा सेकंद धीर धरता येतो. कोर्स चालून बघाल तेव्हा वाट द्यायच्या तीन-चार जागाही ठरवून ठेवा. पुढच्या खेपेला ओरडणाऱ्याला तुम्ही उत्तर दिलंत की तो ‘थँक यू, ताई’ म्हणून जाईल, बघा.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. शाळेच्या सुट्टीत भावाबरोबर जोतिबाच्या बाजूला सायकल चालवते. आता तिला मुलींच्या गटात शर्यतीला उतरायचं आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, हातपाय मोडला तर पुढे लग्नाचं काय. मला तिला अडवायचं नाही, पण रात्री झोपही लागत नाही. काय काळजी घ्यावी?

उत्तर: वहिनी, अडवायचं नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यातच बरंचसं आलं. घरच्यांना सांगा, माउंटन बाइक ऑलिंपिकमध्ये आली १९९६ साली, अटलांटाला, आणि त्याच वर्षी स्त्रियांचीही शर्यत झाली. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आहे. मुलींनी हा खेळ खेळायचा की नाही, हा प्रश्न केव्हाच मागे पडला.

काळजी मात्र खरी आहे, तेव्हा नेमकं सांगते. हेल्मेट मोठ्या भावाचं नको, तिचं हवं. कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं. पट्टा बांधून तोंड उघडलं की हेल्मेट खाली ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्या. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घ्या, स्वस्तातले चालतील. मग सायकलच्या हँडलची दोन्ही टोकं बघा. तिथली प्लास्टिकची टोपणं पडून गेलेली असतात आणि कुणी लक्ष देत नाही. पडताना उघडी नळी पोटात घुसते. वीस रुपयांची वस्तू आहे, पण ती नसेल तर मी माझ्याकडच्या मुलांना सायकलवर बसू देत नाही.

पडल्यावर खरचटणं, सूज, हे होणारच. दोन गोष्टींना मात्र माफी नाही. डोक्याला मार लागून ती गोंधळली, तेच तेच विचारू लागली, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी सायकल बंद, तिने कितीही हट्ट केला तरी, आणि थेट डॉक्टरांकडे. पोटाला हँडल लागलं असेल तर वरून काही दिसत नसतानाही दाखवा. स्वित्झर्लंडची योलांडा नेफ डिसेंबर २०१९ मध्ये सरावात पडली तेव्हा आत प्लीहा फाटली होती. तिच्यावर वेळेवर उपचार झाले आणि टोकियोत तिने सुवर्णपदक घेतलं.

शर्यतीच्या जागी रुग्णवाहिका आहे का आणि ती कोर्सच्या अवघड उतारापर्यंत पोचू शकते का, हे पालकांनी नाव देण्याआधी विचारायचं. संकोच करू नका. चांगले आयोजक याचं उत्तर पटकन देतात. आणि तिच्याबरोबर कोर्स चालायला तुम्हीही जा. कुठे उतरून चालणार ते तिलाच तुम्हाला दाखवू दे. ज्या मुलीने ‘आई, इथे मी उतरणार’ असं आधी सांगितलंय, तिच्यासाठी बांधावर उभं राहणं सोपं जातं.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला जातो. तुमच्या सदरातून तरुणांना तुम्ही उत्तेजन देता. ते टेकडीवर सुसाट खाली येतात. मागच्या रविवारी माझ्या पत्नीच्या हाताला हँडल घासून गेलं. पडली नाही, एवढंच. हे तुम्हाला मान्य आहे का?

उत्तर: मान्य नाही काका, आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. काकूंचा हात बरा असेल अशी आशा करते.

टेकडी ही चालणाऱ्यांची आहे आणि मोरांची आहे. आपण सायकलवाले तिथे पाहुणे. या सदराच्या वाचकांना मी स्पष्ट सांगते: रविवारी सकाळी सहा ते नऊ टेकडीच्या उतारांवर घड्याळ लावून वेळ काढणं बंद करा. शर्यतीचा कोर्स दोरी बांधून बंद केलेला असतो, प्रत्येक वळणावर मार्शल असतो, समोरून कुणी येणार नाही याची खात्री असते, म्हणून तिथे वेगात जायचं असतं. टेकडीवर यातलं काहीच नाही. सराव करायचा तर मधल्या वारी उन्हं चढल्यावर जा, घंटी लावा, माणूस दिसला की चालण्याच्या वेगावर या, आणि वयस्कर माणूस असेल तर उतरा. पावसाळ्यात भिजलेल्या वाटांवर तर जाऊच नका. चाकाने पडलेल्या घळीतून पाणी धावतं आणि दोन-तीन पावसांत पायवाट ओढा होऊन बसते. नव्या वाटा पाडू नका. आज टेकडीवर सायकलबंदीची मागणी करणारे काही आपले वैरी नाहीत. त्यांच्या अंगावर कुणीतरी सायकल घातलेली असते. अवघड उताराचा सराव करायला शंभर मीटरचा एकच तुकडा पुरतो. तो शहराबाहेर, जमीनमालकाची परवानगी घेऊन शोधा. आमच्या मुलांची दाढही एका शेतकरी दादांच्या माळावर आहे, त्यांना विचारल्याशिवाय आम्ही फाटक उघडत नाही.

प्रश्न: ताई, मी साताऱ्याचा, अकरावीत आहे. फेब्रुवारीतल्या शर्यतीत एक ड्रॉप आहे, म्हणजे वाट एकदम खाली तुटते, साधारण माझ्या गुडघ्याएवढी. मित्र म्हणतात, डोळे मिटून वेगात जा, होतं सगळं. मला शिकायचाय. कसा शिकू?

उत्तर: डोळे उघडे ठेव, आणि त्या मित्रांपैकी एकालाही जवळ बोलावू नकोस, निदान पहिले काही दिवस.

आधी बघ, तो ड्रॉप नुसता उतरता येतो का. सायकल हाताने कडेपर्यंत ने आणि पुढचं चाक हळूच खाली सोड. चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) कडेला घासायच्या आत चाक जमिनीला टेकलं तर तो सावकाश घरंगळत उतरता येतो, उडी मारायची गरज नाही. आधी चेनरिंग टेकलं तर मात्र तंत्र शिकावं लागेल.

ते तंत्र फुटपाथच्या कडेवर शिक. रहदारी नसलेली गल्ली बघ, कडा वीतभर उंच असला की पुरे. जॉगिंगच्या वेगाने ये, पेडल समांतर, गुडघे आणि कोपरं वाकलेली. पुढचं चाक कडेला आलं की हात सरळ करत हँडल पुढे ढकल आणि कंबर मागे जाऊ दे. हँडल वर ओढू नकोस, पुढे ढकल. म्हणजे पुढचं चाक खाली न पडता हवेत सरळ जातं आणि तोवर मागचंही कडा सोडतं. दोन्ही चाकं जवळजवळ एकदम टेकली पाहिजेत. कानाने तपास: धप्प असा एकच आवाज आला तर बरोबर, ठक-ठक असे दोन आले तर पुढचं चाक आधी पडतंय, म्हणजे वेग कमी पडतोय किंवा तू ढकलायला उशीर करतोयस. टेकताना गुडघ्यांनी आणि कोपरांनी धक्का घे, आणि टेकेपर्यंत ब्रेकला हात लावू नकोस.

फुटपाथवर सलग एकच आवाज येऊ लागला की त्याहून जरा उंच कड्यावर जा, मग आणखी उंच, मग गुडघ्याच्या उंचीवर. प्रत्येक उंचीवर दोन-तीन दिवस दे. कंटाळा आला तरी दे. अंगाला सवय झाली की शर्यतीत दमलेला असतानाही हात आपोआप पुढे जातात.

शर्यतीच्या आदल्या दिवशी ड्रॉपच्या खाली उतरून टेकायची जागा बघ. तिथे मुरूम साचला असेल, किंवा टेकल्या टेकल्या लगेच वळण असेल, तर कडेवरूनच त्या वळणाच्या दिशेने निघावं लागतं; हवेत गेल्यावर दिशा बदलता येत नाही. पहिल्यांदा उतरशील तेव्हा मोठ्या भावाला किंवा बाबांना खाली, जरा बाजूला उभं कर, म्हणजे कुणी सरावाला आलेला मध्येच थांबला असेल तर ते हात वर करून तुला सांगतील. त्यांचा हात खाली असेल तरच निघ.